छेत्रीच्या गोलांची वही कशी करायची

सुनील छेत्रीने भारतासाठी 95 गोल केले, हा आकडा माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असतो. पुढचं विचारलं की गाडी अडते. त्यातला डाव्या पायाचा एखादा सांग. बॉल कुणी दिला होता? बॉल यायच्या आधी छेत्री कुठे उभा होता? उत्तर येत नाही. आणि ज्याला स्ट्रायकर व्हायचंय त्याच्या कामाचं नेमकं हेच आहे.

मी परळच्या एका मैदानावर सकाळी मुलामुलींना फुटबॉल शिकवते. वयं बारा ते सतरा. मी स्वतः मुंबईत फॉरवर्ड खेळले, त्यामुळे पुढे खेळायला धडपडणाऱ्यांकडे माझं जरा जास्त लक्ष असतं. त्यांना मी सुरुवातीलाच एक काम देते: गोलांची वही. एका स्ट्रायकरची राष्ट्रीय संघातली कारकीर्द घ्यायची आणि गोलागणिक लिहून काढायची. हे कसं करायचं ते इथे सविस्तर सांगते, म्हणजे ज्यांच्या जवळपास कोच नाही त्यांनाही घरी करता येईल.

राष्ट्रीय संघच का, क्लब का नको, असं पालक विचारतात. क्लबमध्ये स्ट्रायकरला महिनोन्‌महिने तेच विंगर मिळतात, रोजचा सराव एकत्र असतो, कोणाचा बॉल कधी येणार हे अंगवळणी पडतं. राष्ट्रीय संघात कॅम्प थोड्या दिवसांचा, शेजारी खेळणारा बदलत राहतो, आणि भारतासारख्या संघात मोठ्या सामन्यांत बॉल पुढे येतोच कमी. दीड तासात दोन संधी मिळाल्या तर मिळाल्या. तरीही जो गोल करत राहतो, त्याच्या उभं राहण्यात, पळण्यात, वाट बघण्यात काहीतरी पक्कं असतं. आपल्याला ते हुडकायचंय. छेत्रीचा पहिला सामना 12 जून 2005 ला क्वेट्यात पाकिस्तानविरुद्ध होता. त्यातच त्याने पहिला गोल केला आणि सामना 1-1 सुटला. निरोपाचा सामना 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध. म्हणजे एकोणीस वर्षांना फक्त सहा दिवस कमी. मग मार्च 2025 मध्ये तो परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध हेडरने 95 वा गोल केला. एवढ्या काळात कोच बदलले, सोबती बदलले, पायातला वेगही बदलला. गोल येत राहिले.

वही आणि रकाने

दोनशे पानी लाँगबुक घ्या. डावं पान चित्रासाठी, उजवं लिहिण्यासाठी. डाव्या पानावर पट्टीने अर्ध मैदान आखा: गोलपोस्ट, सहा यार्डांची चौकट, मोठा बॉक्स, पेनल्टीचा ठिपका. छेत्रीसाठी «छ», समोरच्यांसाठी फुल्या, बॉलचा रस्ता तुटक रेषेने, माणसाचा रस्ता सलग रेषेने. चित्र सुंदर यायला पाहिजे असं अजिबात नाही, पण अंतरं खरी वाटली पाहिजेत.

उजव्या पानावर वर तारीख, समोरचा संघ, स्पर्धा, शहर, मिनिट आणि गोलच्या आधीचा स्कोअर. हे पटकन लिहून मोकळे व्हा, कुठेही मिळतं. खरे रकाने त्याखाली: बॉल कोणी, कुठून दिला. किती टच घेतले. कशाने मारला. आणि शेवटचा, ज्याच्यासाठी ही सगळी खटपट: «तीन सेकंद आधी कुठे».

त्या तीन सेकंदांतच स्ट्रायकरचं बहुतेक काम झालेलं असतं. बॉल पायाशी आल्यावर उरतं ते मारणं, आणि ते तर डिफेंडरलाही येतं. त्याआधी त्याने मान वळवून गोलकीपर कुठे आहे ते बघितलं का, डिफेंडरच्या नजरेसमोर होता की पाठीमागे, चालत होता, थांबला होता की पळत होता, हे लिहा. दोन ओळी पुरतात.

मोबाइलवर गोल बघताना अडचण अशी येते की छोट्या क्लिप फार उशिरा सुरू होतात. शेवटचा पास सुटलेला असतो, मग धाव, मग जाळी. त्या क्लिपवर ही वही होत नाही. पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग शोधा, नाहीतर निदान लांबलचक हायलाइट्स. पहिल्यांदा बघताना काही लिहू नका, मनसोक्त बघा, ओरडा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा, कारण कॉमेंटेटर बॉलबद्दल बोलतो आणि आपले डोळे त्याच्यामागे जातात. पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटला की तिथे थांबवा. मग थोडं मागे घ्या, बोट छेत्रीवर ठेवा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवून चालू करा. रिप्ले असेल तर गोलच्या मागच्या कॅमेऱ्याचा बघा, त्यात खांदे आणि कंबर कुठे वळलीय ते दिसतं.

95 च्या 95 गोल लिहायला जाऊ नका. जुन्या गोलांचं चित्रीकरण नीट मिळतही नाही आणि पोरं कंटाळून वही टाकून देतात. दहा-बारा निवडा, पण वेगवेगळ्या तऱ्हेचे. मी कुठले देते ते सांगते.

अंधेरी, 10 जून 2018

सुरुवात मी नेहमी याच गोलापासून करते. एक तर तो आपल्या मुंबईतला आहे, आणि दुसरं म्हणजे शिकायला त्यात खूप आहे. इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल, केनियाविरुद्ध, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात. भारत 2-0 जिंकला, दोन्ही गोल छेत्रीचे. त्या स्पर्धेत त्याने चार सामन्यांत आठ गोल केले आणि फायनल संपली तेव्हा त्याचे 64 गोल झाले होते, त्या दिवशी मेसीचेही अर्जेंटिनासाठी तेवढेच होते.

पहिला गोल आठव्या मिनिटाला, अनिरुद्ध थापाच्या फ्री किकवर. इथे बघायचं ते एवढंच की छेत्री पळायला कधी सुटतो. आमच्या मैदानावर फ्री किक मिळाली की सगळे आधीच धावत सुटतात आणि बॉल येईपर्यंत उभे राहिलेले असतात. उभ्या माणसाला पकडणं सोपं. पहिली दोन पावलं हळू, शेवटची दोन झपकन, हे छेत्रीच्या जवळजवळ प्रत्येक सेट-पीसवर, म्हणजे फ्री किक किंवा कॉर्नरवर, दिसेल.

दुसरा गोल 29 व्या मिनिटाचा, आणि याला वहीत दोन पानं द्या. अनस एडाथोडिकाने मागून लांब बॉल टाकला. सेंटर बॅकने टाकलेला लांब बॉल म्हणजे आपल्याकडे लोक नाक मुरडतात, नुसती हाणामारी म्हणतात. छेत्रीने तो छातीवर घेतला, डिफेंडरला अंगाने बाजूला ठेवलं आणि डाव्या पायाने मारला. माणूस उजव्या पायाचा आहे हे लक्षात ठेवा. बॉल उजव्या पायावर घ्यायला त्याने अजून एक टच घेतला असता तर तेवढ्यात डिफेंडरचा पाय मध्ये आला असता. चित्र काढताना छेत्री, डिफेंडर आणि गोल या तिघांमधली रेषा नीट दाखवा. त्याचं अंग बॉल आणि डिफेंडर यांच्या मधे आहे, आणि ते बॉल येण्याआधीपासून आहे.

हे लिहून झालं की मैदानात करायचं. दोघं पुरतात. एकाने वीसेक मीटरवरून हातानेच उंच बॉल फेकायचा. दुसऱ्याने गुडघे वाकवून, हात थोडे पसरून छाती बॉलखाली आणायची आणि बॉल लागताना श्वास सोडायचा. श्वास रोखून छाती ताठ ठेवली की बॉल भिंतीवरून उडाल्यासारखा लांब जातो. बॉल पायापासून हातभर अंतरावर पडला पाहिजे, त्यापेक्षा लांब पडला तर तो डिफेंडरचा. दुसरा टच थेट गोलवर, जो पाय जवळ असेल त्या पायाने. हे जमायला लागलं की तिसरा भिडू पाठीशी उभा करा, त्याने नुसतं खांद्याने रेटायचं. मे महिन्यात आमचं मैदान दगडासारखं असतं, बॉल टप्पा खाऊन डोक्यावरून जातो, म्हणून टप्पा पडायच्या आत छातीवर घेण्याची सवय मुंबईच्या पोरांना फार उपयोगी पडते. पावसाळ्यात उलटं होतं. बॉल चिखलात रुततो किंवा टर्फवर सरसर निघून जातो, तेव्हा छातीवरून खाली आलेला बॉल वर असतानाच मारायला शिका.

स्टँडमधून बघणं

त्याच स्पर्धेतला 4 जूनचा सामना मी स्टँडमधून बघितला. त्याआधी 1 जूनला चायनीज तैपेईविरुद्ध भारत 5-0 जिंकला होता, छेत्रीने हॅटट्रिक केली होती, आणि बघायला आलेले लोक होते 2,569. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले: या, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. 4 जूनचं स्टेडियम भरलं. मेट्रोच्या आझाद नगर स्टेशनावरून उतरलेली गर्दी निळ्या टी-शर्टांची होती, आणि संध्याकाळी पाऊस असा कोसळला की समोरच्या गोलपोस्टजवळचे नंबर वाचता येईनात. छेत्रीचा तो शंभरावा सामना होता.

पहिल्या हाफमध्ये गोल नाही. मैदानात पाणी साचलेलं, पास मध्येच थांबायचे. त्या पंचेचाळीस मिनिटांत मी बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघायचं ठरवलं, आणि टीव्हीवर कधीच न दिसलेलं बरंच काही दिसलं. बॉल आपल्या बॉक्सजवळ असताना तो दोन सेंटर बॅकच्या बरोबर मधे चालत असायचा, आणि दर थोड्या वेळाने मान मागे. बॉल विंगवर गेला की तो आधी उलट्या दिशेला दोन पावलं टाकायचा, डिफेंडर त्याच्याबरोबर सरकायचा, मग तो परत फिरायचा. दहा वेळा त्याला पास आला नाही. अकराव्यांदा तो तेवढ्याच जोराने परत फिरला. 68 व्या मिनिटाला त्यालाच बॉक्समध्ये पाडलं, पेनल्टी त्यानेच मारली. लगेच जेजेचा गोल झाला आणि अगदी शेवटी छेत्रीने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून तिसरा टाकला. 3-0. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, दोघंही नखशिखांत भिजले होते आणि उठायला तयार नव्हते.

म्हणून सांगते, वहीतल्या निदान एका स्ट्रायकरचं पान मैदानात बसून भरा. राष्ट्रीय संघ मुंबईत रोज येत नाही, पण कूपरेजला आणि वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर स्थानिक लीगचे सामने होतात आणि तिथेही चांगले फॉरवर्ड असतात. शक्य असेल तर उंच जागी बसा, सेंटर लाइनच्या थोडं पुढे. दहा मिनिटं फक्त नऊ नंबरवर, म्हणजे सगळ्यात पुढच्या स्ट्रायकरवर, डोळे ठेवा, बॉल कुठेही जाऊ दे. पहिल्यांदा फार जड जातं, गर्दी ओरडली की मान आपोआप वळते. दोन सामन्यांनंतर जमतं.

फुकटात मिळालेला वाटणारा गोल

21 जून 2023, बंगळुरू, सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, समोर पाकिस्तान. भारत 4-0 जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक, त्यात दोन पेनल्टी. पहिला गोल दहाव्या मिनिटाला. गोलकीपरकडे बॅकपास गेला, त्याचा टच नीट बसला नाही, छेत्रीने बॉल हिसकावला आणि रिकाम्या जाळ्यात ढकलला. पोरं हसतात, म्हणतात गोलीने गिफ्ट दिलं.

इथे मी त्यांना पूर्ण सामना सुरुवातीपासून लावायला सांगते आणि एकच गोष्ट मोजायला सांगते: बॉल गोलकीपरकडे किंवा सेंटर बॅककडे मागे गेला तेव्हा छेत्री किती वेळा धावला आणि त्यातून काहीच मिळालं नाही. वहीत त्याला «रिकाम्या धावा» असं सदर ठेवा. ही सवय नसती तर गोलकीपरची चूक झाली तेव्हा छेत्री वीस मीटर लांब असता आणि गोलीने बॉल परत पायाखाली घेतला असता. शिवाय धावण्याची रेषा बघा. सरळ गोलकीपरवर धावलं तर तो डावीकडे किंवा उजवीकडे कुठेही देऊ शकतो. थोडं वळसा घालून धावलं तर एक बाजू बंद होते आणि त्याला उरलेल्या एकाच बाजूला खेळावं लागतं. हे तीन कोन लावून परळच्या अर्ध्या मैदानातही शिकवता येतं, आणि बाकीच्या अर्ध्यात क्रिकेट चालू असलं तरी चालतं.

डोकं, आणि न थांबवता मारणं

छेत्रीची उंची साधारण पाच फूट सात इंच. तरी त्याचे हेडर बघा. 7 जून 2021, दोहा, वर्ल्ड कप पात्रता, बांगलादेश. 79 व्या मिनिटापर्यंत 0-0. आशिक कुरुनियनने डावीकडून क्रॉस टाकला आणि छेत्रीने डोक्याने दिशा बदलून जाळीत घातला. नंतर जादा वेळेत सुरेश वांगजमच्या पासवर उजव्या पायाने वळवून दुसरा. पहिल्या गोलाच्या चित्रात दोन डिफेंडरमधली मोकळी जागा आणि छेत्री त्या जागेत कुठल्या क्षणी शिरला हे दाखवा. आधीच शिरून उभं राहिलं तर उंच डिफेंडर जिंकतो. बॉल हवेत असताना शिरलं तर उंचीचा प्रश्न बराच कमी होतो. हेडरचा सराव करताना लहान मुलांनी हलका किंवा कमी हवा भरलेला बॉल घ्यावा, हाताने फेकलेला, आणि एका दिवसात थोडेच करावेत. कपाळाने मारायचं, डोळे उघडे ठेवून. टाळूवर घेतलेला बॉल दिशाहीन जातो आणि डोकंही दुखतं.

न थांबवता मारण्यासाठी 6 जानेवारी 2019 चा अबू धाबीतला थायलंडविरुद्धचा सामना काढा. आशियाई चषक, भारत 4-1 जिंकला. छेत्रीचा पहिला गोल पेनल्टी, दुसरा मध्यंतरानंतर लगेच, 46 व्या मिनिटाला. उदांता सिंग उजवीकडून सुटला, त्याचा बॉल आशिककडे, आशिकने तो छेत्रीसाठी सोडला आणि छेत्रीने पहिल्याच टचला मारला. आशिक आणि छेत्री यांच्यात किती अंतर होतं ते चित्रात मोजा. माझ्याकडची मुलं दोघं मिळून एकाच बॉलवर तुटून पडतात, खांद्याला खांदा. दोघांत पाच-सहा मीटर असतील तरच सोडलेला बॉल मिळतो.

यांच्याबरोबर 2023 चा कुवेतविरुद्धचा गोलही घ्या, बंगळुरूच्याच सॅफ स्पर्धेतला, थापाच्या कॉर्नरवर हवेतच मारलेला. आणि जून 2022 मध्ये कोलकात्यात अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या मिनिटांत मारलेली फ्री किक. तो सामना भारत 2-1 जिंकला, फ्री किकनंतर अफगाणिस्तानने बरोबरी केली होती आणि सहल अब्दुल समदने जादा वेळेत निकाल लावला. स्ट्रायकरचा गोल झाला म्हणजे सामना संपला असं होत नाही, म्हणून वहीत सामन्याचा शेवटचा स्कोअरही लिहावा.

पेनल्टीचं वेगळं पान

पेनल्टीचे गोल गोलात धरायचे का, यावर मुलं तावातावाने भांडतात. माझं मत पक्कं आहे: धरायचे, पण वेगळ्या पानावर. त्या पानाचे रकाने वेगळे. पेनल्टी कोणी मिळवली, स्कोअर काय होता, मिनिट कितवं, धाव किती पावलांची, गोलकीपर आधी हलला की नाही. 2011 च्या आशियाई चषकात दोहाला दक्षिण कोरियाविरुद्ध छेत्रीने पेनल्टी मारली, भारत तो सामना 4-1 हरला. 2012 च्या नेहरू कपच्या फायनलमध्ये दिल्लीत कॅमेरूनविरुद्ध 2-1 ने मागे असताना त्याच्या पेनल्टीने बरोबरी झाली आणि पुढे भारत शूटआउटमध्ये जिंकला. या दोन पेनल्टी एकाखाली एक लिहिल्या की बारा यार्डांवरून मारलेला बॉल दर वेळी सारखा नसतो हे आपोआप कळतं.

समोर कोण होतं

हे पान भरताना प्रामाणिक राहा. छेत्रीचे बरेच गोल दक्षिण आशियातल्या संघांविरुद्ध आहेत, 2011 च्या दिल्लीतल्या सॅफ स्पर्धेत तर त्याने एकट्याने सात केले. देशासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या मेसी-रोनाल्डोच्या यादीत नाव आलं म्हणून तुलना करणारे आणि मालदीव-नेपाळ म्हणून नाक मुरडणारे, दोघंही वही न उघडताच बोलतात. मी गोल तीन गटांत लावायला सांगते: दक्षिण आशियाई स्पर्धा, मैत्रीचे आणि निमंत्रितांचे सामने, आणि आशियाई चषक किंवा त्याची व वर्ल्ड कपची पात्रता. तिसऱ्या गटातले गोल सगळ्यात बारकाईने बघा, कारण तिथे जागा कमी आणि चूक करणारा डिफेंडर दुर्मीळ.

या गटाचं दार ज्या गोलांनी उघडलं तेही शोधा: 13 ऑगस्ट 2008, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, एएफसी चॅलेंज कपची फायनल, ताजिकिस्तान. भारत 4-1, छेत्रीची हॅटट्रिक, आणि 2011 च्या आशियाई चषकाचं तिकीट. तेव्हा बायचुंग भुतिया बरोबर खेळत होता. भुतिया असताना छेत्री कुठे धावायचा आणि भुतियाने 2011 मध्ये निवृत्ती घेतल्यावर कुठे, हा वहीतला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. म्हणून कोचप्रमाणे विभाग पाडा: बॉब हॉटन, विम कोव्हरमन्स, स्टीफन कॉन्स्टन्टाइन, इगोर स्टिमाच. प्रत्येक विभागातला एक गोल तरी घ्या. जोडीला दुसरा फॉरवर्ड आहे की तो एकटाच वर आहे, हे चित्रात लगेच दिसतं. उतारवयात तो बॉल घ्यायला किती खाली येतो, तेही.

क्लबचे गोल या वहीत मिसळू नका. मुंबई सिटीकडून 2015 मध्ये नॉर्थईस्टविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) भारतीय खेळाडूची पहिली. मुंबईकर म्हणून ती आपल्याला प्यारी आहे, पण ती मागच्या पानांवर.

एक पान गोल न झालेल्या सामन्यांचंही हवं. निरोपाचा कुवेतविरुद्धचा सामना 0-0 सुटला. साठ हजारांच्या आसपास लोक, सगळ्यांना एकच गोल बघायचा होता. तो झाला नाही. असा एक सामना पूर्ण बघा आणि लिहा: किती बॉल मिळाले, कुठे मिळाले, बॉक्सच्या आत किती.

चित्रीकरण नसेल तेव्हा

वांद्र्याच्या मैदानाला ज्यांचं नाव आहे ते नेव्हिल डिसोझा मुंबईकडून खेळणारे फॉरवर्ड. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं त्यात त्यांची हॅटट्रिक होती, ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताला आघाडी त्यांनीच मिळवून दिली, मग सामना 4-1 हातचा गेला. स्पर्धेत त्यांचे चार गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिले, आणि भारत चौथा. अशा खेळाडूचं पान भरायचं तर ग्रंथालयात डिसेंबर 1956 ची वर्तमानपत्रं मागा. सामना 1 डिसेंबरला झाला, पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक बघा. बातमीतून बॉल कोणी दिला आणि कुठून मारला एवढं मिळालं तरी अर्धं चित्र होतं. त्या काळात कूपरेजला रोव्हर्स कप ही जुनी फुटबॉल स्पर्धा बघितलेले म्हातारे लोक अजून आहेत. त्यांच्याकडे बसा, त्यांना गोल हाताने दाखवायला सांगा आणि ऐकता ऐकता पेन्सिलने काढा. तपशील दोन ठिकाणी जुळला तरच पेनाने पक्का करा.

मुलींना मी बाला देवीचं पान वेगळं करायला लावते. मणिपूरची ही स्ट्रायकर 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. तिच्या भारताच्या सामन्यांचं चित्रीकरण कमी सापडतं, पण जे सापडतं त्यात डिफेंडरला पाठीवर घेऊन वळणं इतकं स्पष्ट दिसतं की माझ्या मुलींनी ते सरळ उचललं आहे.

स्वतःच्या सामन्याचं पान

पाच-सहा गोल लिहून झाले की तेच रकाने स्वतःसाठी वापरा. खेळणाऱ्याला स्वतःचं दिसत नाही, म्हणून लाइनबाहेर कोणीतरी बसवा: आई, बाबा, ताई, राखीव खेळाडू. मोबाइलवर शूट करायचं असेल तर बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका, बॉक्स आणि त्याच्या पुढची जागा चौकटीत धरून स्थिर ठेवा. शूट करणं जमत नसेल तर कागदावर अर्धं मैदान आखून द्या आणि दर वेळी आपला संघ पुढे चाल करून गेला की तुमचा पोरगा किंवा पोरगी कुठे आहे तिथे ठिपका मारायला सांगा. गोल झाला की नाही ते त्या कागदावर लिहू नका.

सामना संपल्या संपल्या तो कागद हातात देऊ नका. लोकलमध्ये घामाघूम बसलेल्या पोराला ठिपके दाखवण्यात अर्थ नाही. घरी जाऊ दे, आंघोळ, जेवण होऊ दे. मग त्याच्या वहीतलं छेत्रीचं पान उघडा, शेजारी त्याचा कागद ठेवा आणि त्यालाच विचारा, पुढच्या रविवारी पहिला ठिपका कुठे पाहिजे. उत्तर त्याला पेन्सिलने काढू दे.